शंकाताई आणि अवघडलेली मान

हॉस्पिटलात तिला सगळे शंकाताई म्हणत. डॉक्टरांनी लिहिलेले कागद वाचायचे आणि प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला कोड नंबर द्यायचा, हे तिचं काम. मानेच्या केसेस तर तिच्याकडेच. मान लचकली तर एक कोड, मणका पार निखळला तर दुसरा, शिवाय कितवा मणका तेही हवं. स्वतःच्या मनानं तर्क लढवायची सोय नाही. कागदावर नुसतं ‘मानेला दुखापत’ दिसलं की बाई डॉक्टरांना शंका पाठवणार, उत्तर आलं नाही की पुन्हा पाठवणार. डॉक्टर वैतागत, पण उत्तर देत. तिचा चिवटपणा त्यांच्या अंगवळणी पडला होता.

आज मात्र तिचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. खुर्ची पुढेमागे करून झाली, पाणी पिऊन झालं, खिडकी उघडून पुन्हा लावून झाली. समोर एका रंगाऱ्याची केस होती. शिडीवरून पडला, मान दुखते म्हणत तसाच काम करत राहिला, हाताला मुंग्या आल्या तेव्हा कुठे दवाखान्यात आला. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, मणका निखळलाय. शंका काढायला जागाच नव्हती. कोड टाकायचा आणि पुढची केस घ्यायची. पण तिची बोटं काही चालेनात.

मुंग्या. हा शब्द तिनं कालच घरी ऐकला होता.

धाकटा भाऊ काल जिन्यावरून घसरला होता. रात्री मान एका बाजूला धरून जेवायला बसला. ‘अवघडलीय जरा,’ म्हणाला. हातातून चमचा निसटला तेव्हा ‘मुंग्या आल्यात’ म्हणून स्वतःच हसला. आणि एकेका शब्दासाठी डॉक्टरांचं डोकं खाणाऱ्या या बाईनं ‘शेक घे’ म्हणून विषय संपवला होता. घरच्या माणसाच्या बाबतीत आपलं हे असंच असतं.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

‘बोल ताई.’

‘कुठे आहेस?’

‘आपल्या नेहमीच्या सलूनमध्ये. हा मान मोडून देतो म्हणतोय. एकदम मोकळी होईल.’

‘मोडली का त्यानं?’

‘अजून नाही. आता माझाच नंबर.’

‘त्याला हात लावू देऊ नकोस. बसलायस तसाच बस, मी ॲम्ब्युलन्स पाठवते. मान जराही हलवायची नाही. कळलं?’

पलीकडून काहीच आवाज नाही. हा फोनवरसुद्धा मान डोलावूनच हो म्हणतो, हे तिला आठवलं आणि ती ओरडलीच.

‘मानेनं नको, तोंडानं हो म्हण.’

‘हो.’

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना तिनं सलूनचा पत्ता खरडून दिला. त्या ॲम्ब्युलन्स सांगायला धावल्या. गाडी पोचेपर्यंत तिनं फोन सोडला नाही. बोटं हलतात का, मुंग्या वाढल्या का, पायांना बधिर वाटतं का. शेवटी तो कातावला.

‘ताई, किती विचारशील?’

‘काल विचारायला हवं होतं तेवढं.’