कांबळेताईंचा शिक्का

जेट इंजिनाचं पातं हातात आलं की कांबळेताई आधी ते नळाला लावत. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पहिल्यांदा गेले, तेव्हा एम.टेक.ची पदवी ताजी होती आणि डोक्यात लेझर, संगणक असलं काहीबाही भरलेलं होतं. समोर पाहते तर चष्मा कपाळावर सरकवलेल्या, साडीवर निळा एप्रन बांधलेल्या एक बाई बोटाएवढ्या पात्यात बुडाकडून पाणी सोडत होत्या. पात्याच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं होती. त्यांतून उडणाऱ्या धारा काळ्या फडक्यापुढे धरून बाई बघत होत्या. एखादी धार वाकडी गेली की 'च्च' करून पातं डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवत होत्या.

"हसतेस काय? इंजिनियर ना तू?" माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "मग सांग, हे पातं आगीत जळत का नाही?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. पात्याच्या आतून थंड हवा खेळते, भोकांतून बाहेर येऊन अंगावर पसरते, म्हणून धातू टिकतो.

"आणि भोक बुजलं तर?"

"वितळेल."

"मग हसू नकोस."

आमच्याकडे दुरुस्तीला येणारी पाती बहुतेक वाळवंटातून उडणाऱ्या विमानांची असत. मला वाटायचं, वाळू पात्यांना खरवडून खात असेल. ताईंनी माझं अज्ञान पहिल्याच आठवड्यात दूर केलं. "वाळूचं काय घेऊन बसलीस? वाळू दिसते. पिठासारखी धूळ असते ना, ती खरी चोर." ही धूळ इंजिनात शिरते, तिथल्या उष्णतेने वितळते, पात्याला उष्णतेपासून वाचवणाऱ्या लेपावर काचेसारखी चिकटते आणि निघताना लेपाचे पोपडे घेऊन निघते. शिवाय आत शिरून भोकं बुजवते ती वेगळीच. ताई मूळच्या जालन्याकडच्या, लहानपण दुष्काळी भागात गेलेलं. उन्हाळ्यात भाकरी खातानाही दाताखाली धूळ यायची म्हणत. आयटीआय करून इथे लागल्या त्या पाती धुण्याच्या कामावर. तिथून चढत तपासनीस झाल्या. "धुण्यापासून सुरुवात केली ना, म्हणून मला घाण कळते," असं त्या मोठ्या साहेबांनाही ऐकवायच्या.

तपासनिसाला स्वतःच्या नंबराचा शिक्का असतो. तो कागदावर उमटल्याशिवाय पातं कारखान्याबाहेर जात नाही. इतक्या वर्षांत ताईंनी शिक्का मारलेलं एकही पातं परत आलं नव्हतं. हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची आणि ते त्यांना शोभायचं.

मला नाव काढायची घाई होती. लेप वाळवंटात टिकत नाही ना, मग तो जाड देऊ, असा माझा बेत होता. गणितं केली, चाचण्या केल्या, साठे सर म्हणजे आमचे मॅनेजर खूश झाले आणि पहिला संच तयार झाला. ताई नेहमीप्रमाणे नळ सोडायला निघाल्या, तर मीच आडवी आले. हवा मोजणारं नवं मशीन आलं होतं आणि माल संध्याकाळी पाठवायचा होता. "ताई, मशीनने आकडा दिलाय. सगळी पाती पास आहेत. आता पाणी कशाला?"

त्या थबकल्या. "पाण्याला विचारलेलं बरं गं."

"माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि शिक्के मारले.

तीन आठवड्यांनी एका दुपारी हाताला काम नव्हतं, म्हणून नमुन्यादाखल ठेवलेलं त्या संचातलं एक पातं ताईंनी नळाला लावलं. मग मला हाक मारली. मागच्या भोकांतून धारा जोरात उडत होत्या आणि पुढच्या ओळीतून, जिथे आग आधी लागते तिथे, पाणी नुसतं पाझरत होतं. माझ्या जाड लेपाने ती भोकं आवळली होती. मशीनने अख्ख्या पात्याची हवा एकत्र मोजली, त्यामुळे आकडा बरोबर आला.

"बिल्डिंगचं पाणी मोजलं म्हणून चौथ्या मजल्यावर पाणी चढतं का?" ताई हळू आवाजात म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. दहा मिनिटांनी उठून त्यांनी स्वतःच सरांना फोन लावला.

ती पाती बसवलेलं इंजिन जोडून झालं होतं, पण अजून विमानावर चढलं नव्हतं. पाती परत मागवली. सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "पाण्याची तपासणी कुणी गाळली?"

"मी," ताई म्हणाल्या. "शिक्का माझा आहे."

माझं प्रोबेशन संपायला एक महिना उरला होता. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. सरांनी मला काही विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही. ताईंचा शिक्का काढून घेतला आणि त्यांना खालच्या मजल्यावर स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्तीला सहा महिने होते. माझी नोकरी पक्की झाली. पुढे दोनेक वर्षांत मी लेप पातळ केला, भोकं पुन्हा मोकळी करायची पायरी वाढवली आणि सुधारलेली पाती वाळवंटात खरोखरच जास्त टिकली. त्याबद्दल माझा सत्कारही झाला. पण ताईंच्या त्या सहा महिन्यांत स्टोअरमधून काही हवं असलं की मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. मला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती.

ताईंच्या निरोपाला कँटीनमध्ये सगळे जमले होते. दहिसरहून त्यांची सून आणि नातही आली होती. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या, कष्टाळू, प्रेमळ वगैरे. उभी राहिले आणि तो कागद वाचवेना. मग सांगून टाकलं की पाण्याची तपासणी मी गाळायला लावली होती, ताई नको म्हणत होत्या, आणि त्या दिवशी केबिनमध्ये मी गप्प बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साठे सर चष्मा पुसत बसले. ताईंच्या सुनेने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही.

नंतर ताईंनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. समोसा माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे गं, झालं गेलं.

"मला वाटलं होतं दुसऱ्याच दिवशी खाली येशील," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, लाजत असेल, सोमवारी येईल. स्टोअरचं दार उघडलं की मान वर करून बघायचे मी. सहा महिने."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. नातीचा हात धरून उठल्या, माझ्या पाठीवर एकदा थोपटलं आणि गेल्या.