दादाच्या छातीवर वस्तरा

इस्पितळात त्याला सगळे मखमल म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते बिचारं तिथेच पडून राहिलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हा गडी खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची वाटी घेऊन वॉर्डात शिरायचा. सकाळी ज्याचं पोट उघडायचं असेल त्याचं पोट, ज्याची मांडी चिरायची असेल त्याची मांडी, अशी साफ करून ठेवायचा की मोठ्या डॉक्टरांनी एकदा हात फिरवून म्हटलं, "अरे, ही कातडी आहे की मखमल?" झालं. नाव चिकटलं ते चिकटलं.

आता ऑपरेशन म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. पण मखमल आला की माणूस थोडा सैल व्हायचा. "पोट आत घ्या साहेब, नाहीतर केसांबरोबर बेंबीही जाईल," असं काहीबाही बोलत तो काम उरकायचा. एका जाड्या दुकानदाराने तर त्याला शपथ घालून विचारलं होतं, "बेंबी खरंच कुणाची गेलीय का हो?" मखमल गंभीर चेहरा करून म्हणाला, "एकाची गेली. पण त्याने तक्रार केली नाही."

ही कला तो शिकला कुठे? दादाच्या गालांवर. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या भावाने सायकलदुरुस्तीचं दुकान सांभाळून घर ओढलं आणि धाकट्याला एका न्हाव्याच्या हाताखाली घातलं. पण शिकाऊ पोराच्या हातात आपला गळा कोण देणार? गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून जायचं. मग दुकान बंद झालं की दादा स्वतः येऊन बसायचा. तोंडाला फेस लावून डोळे मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, "चालव बिनधास्त. कापलं तर रक्त घरचंच आहे." दादाच्या हनुवटीवर एक बारीक पांढरी रेघ राहिली होती. तेवढी सोडली तर धाकट्याने मोठ्याला पुन्हा कधी ओरखडा काढला नाही.

पुढे इस्पितळात एक नवी सिस्टर आली. तिचं काम एकच. इस्पितळात आलेल्या माणसाला इस्पितळातूनच दुसरा रोग लागू नये, हे बघायचं. हात धुवा, नळ धुवा, पुन्हा हात धुवा. आठवड्याभरात तिचं नाव पडलं धुवा-धुवा सिस्टर. तिने एके दिवशी सगळ्यांना खोलीत बसवलं आणि पडद्यावर वस्तरा फिरलेली कातडी भलीमोठी करून दाखवली. नुकतीच नांगरलेली जमीन जशी दिसावी तशी. जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे सऱ्याच सऱ्या.

मखमलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सिस्टर, ही कुणा शिकाऊ हाताची दिसतेय," तो म्हणाला, तशी सगळी खोली हसली.

सिस्टर हसली नाही. "काका, हात कुणाचाही असू दे, पातं कातडी खरवडतंच. देशोदेशीच्या इस्पितळांत हजारो पेशंटांवर हे पडताळून बघितलंय. वस्तऱ्याने केस काढले तिथे जखमा जास्त चिघळल्या. मशीनने कापले, किंवा केस मुळीच काढले नाहीत, तिथे कमी. आणि आदल्या दिवशी तर वस्तरा नकोच. रात्रभरात त्या ओरखड्यांत जंतू बिऱ्हाड मांडतात."

त्या दिवसापासून नियम झाला. केस आड येत असतील तरच काढायचे, मशीननेच काढायचे आणि ऑपरेशनच्या सकाळीच काढायचे. वस्तरा फक्त दाढीपुरता, दर माणसाला नवं पातं. मखमलने नियम पाळला, पण तोंड वाकडं करून. मशीनला तो गवत कापायचं यंत्र म्हणायचा. जखमा चिघळण्याचं प्रमाण खरंच उतरलं, वॉर्डातली पू आलेली ड्रेसिंगं कमी झाली, तरी हा म्हणायचा, "हवा बदलली असेल."

आणि मग दादाच्या छातीत दुखायला लागलं.

सायकलच्या चाकात हवा भरता भरता तो खाली बसला. तपासण्या झाल्या. हृदयाच्या नळ्या जागोजाग तुंबलेल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, छाती उघडून बायपास करावी लागेल, फार दिवस थांबण्यासारखं नाही. दादा मखमलच्याच वॉर्डात येऊन पडला. शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र, छातीला चिकटवलेल्या तारा, उशाशी वहिनी.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वहिनी चहा प्यायला खाली गेली होती. दादाने धाकट्याला जवळ बोलावलं. "काय रे, मला कधी करणार?"

"सकाळी. छातीच्या ऑपरेशनला धुवा-धुवा सिस्टर स्वतःच मशीन घेऊन येते."

"मशीन?" दादा उशीवरून अर्धा उठला. "गावभरच्या लोकांना मखमल आणि भावाला मशीन?"

"दादा, नियम आहे."

"नियम मला सांगतोस? शिकायला माझे गाल चालले. आता छातीची वेळ आली तर तुला नियम आठवला." मग त्याचा आवाज उतरला. "हे बघ, उद्या मी उठेन की नाही कोण जाणे. टेबलावर जायचं तर तुझ्या हातून जाईन. परक्याचा हात नको."

आता सांगा, याच्यापुढे कुठल्या भावाचा नियम टिकेल? मखमलने इकडे तिकडे बघितलं. वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरला सांगून अंघोळीसाठी तारा सोडवून घेतल्या, दादाला हाताला धरून न्हाणीघरात नेलं, स्टुलावर बसवलं. दाढीच्या पिशवीतून वस्तरा काढला, नवं पातं घातलं, फेस केला. छातीच्या मधोमध पहिला हात फिरवला तेव्हा पात्याखाली त्याला ठोके लागले. धडधड, मधेच एक चुकल्यासारखा, पुन्हा धडधड. इतक्या वर्षांत इतक्या छात्या साफ केल्या, पण आत काय चाललंय ते त्याच्या बोटांना कधी जाणवलं नव्हतं. आज जाणवलं, आणि पातं जरा वाकडं गेलं.

हाडाच्या बरोबर मधल्या रेघेवर रक्ताचा बारीक थेंब आला. त्याच्याखाली आणखी एक.

"काय झालं रे?"

"काही नाही. हलू नकोस."

त्याने तुरटी लावली. रक्त थांबलं. पण पडद्यावर दिसलेली ती नांगरट त्याच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली. तिथे ती कुणाचीही होती. इथे ती दादाची होती, आणि उद्या सकाळी याच रेघेवर सुरी चालणार होती. दादाने हात फिरवून बघितला, खूश झाला. "याला म्हणतात मखमल!" मखमलने त्याला खाटेवर आणून तारा स्वतःच पुन्हा चिकटवल्या. तो घरी गेला, पण जेवला नाही.

सकाळी तो वॉर्डात पोचला तेव्हा दादाला हिरवा गाऊन घातलेला होता. ढकलखाट दाराशी तयार होती. धुवा-धुवा सिस्टर मशीन हातात घेऊन थबकली होती, आणि तिच्याबरोबर ऑपरेशनच्या तुकडीतला तरुण डॉक्टर.

"छाती आधीच साफ आहे," सिस्टर म्हणाली. "कुणी केली?"

दादाने मखमलकडे बघितलंही नाही. "मीच केली. घरी. झाला असेल एक आठवडा."

"एक आठवडा? मग खुंट कुठे आहेत?"

"वय झालं बाई. माझे केस येतात उशिरा आणि जातात लवकर." दादाने टकलावर हात फिरवला. तरुण डॉक्टर हसला.

"आठवड्यापूर्वीचं असेल तर कातडी भरून आली असेल, सिस्टर. वर टेबल तयार आहे, मोठे डॉक्टर हात धुताहेत." त्याने खाटेचा दांडा धरला. सिस्टरच्या कपाळावरची आठी काही गेली नाही, पण पेशंट स्वतःच सांगतोय म्हटल्यावर ती तरी काय करणार? तिने मशीन खाली ठेवलं.

मखमल दाराला टेकून उभा होता. बोललो तर ऑपरेशन थांबेल. थांबलं आणि तेवढ्यात दादाचं हृदय थांबलं तर? नाही बोललो तर त्याच ओरखड्यांवरून छाती उघडतील. ऑपरेशनची जखम चिघळून एका बाईच्या छातीचं हाड आतून सडलेलं त्याने याच वॉर्डात बघितलं होतं. पट्टी सोडताना तिच्या नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. दादा त्याच्याकडे रोखून बघत होता, गप्प बस म्हणून. खाटेची चाकं फिरायला लागली.

"थांबा!" मखमल खाटेच्या आडवा आला. "काल संध्याकाळी मी केली. वस्तऱ्याने. मधल्या रेघेवर दोनदा लागलंय."

सिस्टरने गाऊन खाली ओढला, दिवा जवळ आणला, वाकून बघितलं. मग तरुण डॉक्टरला दाखवलं. त्याने दांडा सोडला आणि फोनकडे गेला.

मोठे डॉक्टर खाली आले ते तोंडावरचा मास्क गळ्यात ओढूनच. त्यांनी छाती तपासली. रात्रीतून लाली चढली होती. "आज नाही," ते म्हणाले. "हे हाड चिरायचंय आम्हाला. इथून जंतू आत गेले तर औषधंही हात टेकतात. कातडी भरू दे. तोवर हा इथून हलणार नाही, आणि यंत्रावरून कुणी नजर काढायची नाही." मग मखमलकडे वळून, "वस्तरा?"

मखमलने पिशवीच पुढे केली. ती सिस्टरने घेतली. "काका, पुढचा हुकूम येईपर्यंत तुम्ही या वॉर्डात कामाला नाही. भेटीच्या वेळी नातेवाईक म्हणून या," एवढंच ती म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहिनी मात्र सोडणारी नव्हती. "भाऊजी, बोलायचंच होतं तर काल हात का चालवलात? आणि हात चालवलात तर आज जीभ का चालवलीत?"

दादाने तर बोलणंच टाकलं. मखमल भेटीच्या वेळी यायचा, पायाशी उभा राहायचा. दादा कुशीवर वळायचा. यंत्राची हिरवी रेघ उड्या मारत राहायची आणि मखमल तिच्याकडे असा बघायचा, जणू त्याने नजर हलवली तर तीही थांबेल. एका दुपारी ती खरंच वेडीवाकडी झाली. यंत्र किंचाळायला लागलं, दादाने छाती धरली, चेहरा राखेसारखा झाला. सिस्टर धावल्या, पडदा ओढला गेला, मखमल पडद्याबाहेर. आतून "सुई द्या", "लवकर", "श्वास घ्या आजोबा" एवढंच ऐकू येत होतं. वहिनीने पदर तोंडात धरला होता. तिने मखमलकडे एकदा बघितलं, तेवढं बघणं पुरे होतं. माझ्या एका वाक्याने याला मारलं, असं त्याला वाटत राहिलं. पडदा उघडला तेव्हा दादा घामाने निथळत होता, पण रेघ पुन्हा एका तालात उड्या मारत होती.

कातडी भरली. सिस्टरने भिंग घेऊन बघितली आणि मान हलवली. नवे केस आले होते, ते तिने सकाळी मशीनने कापले. दादा खाटेवरून वर गेला तो धाकट्याकडे न बघताच. मखमल आणि वहिनी जिन्यावर बसून राहिले, एकाच पायरीवर, पण दोन टोकांना. ऑपरेशन पार पडलं असा निरोप आला, तेव्हा वहिनीने त्याचा हात धरला आणि लगेच सोडला.

पण खरी भीती पुढेच होती. छातीची जखम चिघळायची तर ती काही दिवसांनी चिघळते. ताप आला का, म्हणून मखमल सिस्टरांना इतका विचारायचा की त्या त्याला बघून आधीच नाही म्हणायच्या.

एक दिवस सिस्टरने त्याला आत बोलावलं. "पट्टी सोडतेय. हात धुवा आणि उभे राहा." त्याने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. पट्टीचा शेवटचा पदर निघताना त्याने डोळे मिटले.

"बघा," सिस्टर म्हणाली.

छातीच्या मधोमध एक लांब, सरळ, कोरडी रेघ होती. सिस्टरने हातमोज्याचं बोट कडेकडेने दाबलं. लाली नाही, पाणी नाही. "सुकी आहे. छान सुकी आहे."

मखमल स्टुलावर बसला. दादा छताकडे बघत होता. त्या सकाळपासून पहिल्यांदाच तो धाकट्याशी बोलला.

"चारचौघांत मला खोटं पाडलंस."

"हो."

"थोरल्या भावाला."

"हो."

"पुन्हा वेळ आली तर?"

मखमलने नाक पुसलं. "पुन्हा पाडीन."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या गालात काहीतरी हललं, हसू फुटलं, आणि हसता हसता टाके ओढले गेले तसा तो कळवळला. "आई गं!"

सिस्टरने उशी उचलून त्याच्या छातीशी दाबून धरायला दिली आणि दोघांवर डोळे वटारले. "उशी घट्ट धरा, आजोबा. आणि मग काय भांडायचं ते भांडा."