ह्यांचा दम

मी लग्न होऊन सिंदीला आले ती आणीबाणीची वर्षं. मैदानावर बायका जात नसत, त्यामुळे ह्यांची कबड्डी मी घरात बसून ऐकली. आधी ओरडा ऐकू यायचा, मग कोणीतरी दारात येऊन सांगायचं, ‘वहिनी, दादानं एका चढाईत चौघं बाद केले.’ ह्यांचा दम जिल्ह्यात गाजलेला. समोरच्यांच्या हद्दीत एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत आरामात फिरून येत. घरी मात्र भांडणात माझ्यापुढे दोन वाक्यंही टिकत नसत.

कप-ढालींनी पोट भरत नाही. हंगामात हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात आणि रुईची धूळ अंगावर घेऊन येत. मी म्हणायची, ‘तोंडाले फडकं बांधत जा.’

‘फडकं बाया बांधते.’

मोठे आले मर्द! खोकला लागला तो गेलाच नाही. एका संक्रांतीच्या सामन्यांत, समोरच्यांच्या हद्दीतच ह्यांचा दम तुटला. तसं झालं की पंच शिट्टी मारतो आणि गडी बाद होतो. शिट्टी वाजली, हे मुकाट्यानं बाहेर आले. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी छाती तपासून धावायला बंदी केली.

मग हे कोच झाले. कोच म्हणून तर जास्तच नाव झालं. लांबलांबची पोरं शिकायला यायची. एव्हाना आम्ही बायकाही मैदानावर जाऊ लागलो होतो. तिथे दिसायचं की पोरगं चढाईला गेलं की रेषेबाहेर ह्यांचेही ओठ हलताहेत. रोज जेवताना म्हणायचे, ‘थंडी सरली का एक चढाई करून पाहीन.’ थंड्या सरत गेल्या. मी ‘हो’ म्हणायची आणि चुलीकडे तोंड करायची. दुसरं काय म्हणणार?

ह्यांच्या पोरांनी जिल्ह्याचा कप जिंकला, त्या संध्याकाळी हरलेल्या संघानंच हात जोडले, ‘दादा, एक चढाई आमच्यावर.’ मी नको नको म्हणत राहिले. हे पायजमा वर खोचून गेलेसुद्धा. धावले कुठले, चाललेच. पोरं आपणहून पुढे यायची, ह्यांचा हात लागला की हसत बाहेर जाऊन बसायची. सगळा संघ बाद झाला. लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. मलाही रडू आलं, आनंदानंच.

घरी आल्यावर हे खाटेवर बसले. ताट तसंच राहिलं.

‘मधातच माया दम तुटला होता वं,’ म्हणाले. ‘साऱ्याइले समजलं. पंचानं शिट्टी काऊन नाई मारली?’

मी म्हटलं, ‘जीव लावते तुमाले लोक.’

‘मी खेळाडू असतो तं मारली असती.’

त्यानंतर थंडी सरली, पण हे चढाईचं बोलले नाहीत. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाले, ‘झाली ना.’