आमच्या टीममधली आजी

सुमनला आम्ही आजी म्हणायचो. वय आमच्याएवढंच, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं. पण समोर कुणी आलं की ती आधी त्याचा हात हातात घेऊन बघायची. हात गार लागला की हुकूम सुटायचा, "काहीतरी गरम पी. मग बोल." नाशिकच्या थंडीत स्वेटर न घालता लॅबमध्ये येणाऱ्याला ती दारातूनच परत पाठवायची. एकदा आमच्या सरांचाही हात तिने असाच तपासला आणि सर मुकाट्याने चहा प्यायला गेले.

ती सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची, शिकायला नाशिकच्या होस्टेलवर राहणारी. शनिवारी एसटीने घरी जायची आणि येताना नागलीचे लाडू आणायची. मी एकदा डाएटचं कारण सांगून नको म्हटलं, तर म्हणाली, "डाएट नंतर कर. आधी खा." लाडू हातावर ठेवून ती समोर उभीच राहिली.

त्याच वर्षी कॉलेजात सिंथेटिक बायॉलॉजीची टीम निघाली. पेशींच्या आतली यंत्रणा वापरून काहीतरी नवं, उपयोगी बनवायचं आणि बंगळुरूच्या एका स्पर्धेत मांडायचं, असा बेत होता. निवडीच्या दिवशी सरांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "तुला का यायचंय?" मी म्हटलं, पुढच्या शिक्षणाला उपयोग होईल. कुणाला नवं तंत्र शिकायचं होतं, कुणाला बंगळुरू बघायचं होतं. आजीची पाळी आली तेव्हा ती जरा वेळ ओढणीशी चाळा करत राहिली.

"सर, माझ्या भावाला, विलासला, सिकलसेल हाय," ती म्हणाली. "रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. गारठा लागला की हातपाय असे दुखतात, की तो उशी तोंडात धरतो. आमच्याकडं तपासायला रक्त नेतात आन् उत्तर मागाहून येतं. तोवर लोक तो विषयच सोडून देतात. उत्तर तिथंच, डोळ्यांसमोर दिसंल, असं कायतरी करू या ना."

ती सगळ्यांचे हात का बघते, ते मला त्या दिवशी कळलं. टीमचा विषयही तिथेच ठरला.

आम्ही कागदाची एक पट्टी बनवायला घेतली. सिकलसेलचं जनुक असलेला नमुना टाकला की तिच्यावर जांभळी रेघ उमटायला हवी. रेघ काही उमटत नव्हती. कधी सगळीच पट्टी जांभळी व्हायची, कधी कोरीच राहायची. आम्ही वैतागायचो, एकमेकांवर ढकलायचो. आजी पट्टी उजेडात धरून म्हणायची, "रुसलीय. उद्या बोलंल." आणि सगळी मांडणी पुन्हा पहिल्यापासून करायला बसायची.

शेवटी एका दुपारी रेघ उमटली. फिकट, पण सरळ. आम्ही आरडाओरडा केला, कुणीतरी पेढे आणायला धावलं. आजी मात्र स्टुलावर बसून त्या रेघेकडे बघत राहिली. मग सरांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "सर, हिच्यावर माझंच रक्त तपासू का?"

"नाही," सर म्हणाले. "हे सगळे नमुने आपण प्रयोगशाळेत तयार केलेत. माणसाला सांगायचं उत्तर या पट्टीच्या भरवशावर देता येणार नाही, सुमन. सरकारी दवाखान्यात तपासून घे."

ती जिन्यात जाऊन बसली. मी मागोमाग गेले.

"मृणाल, मी टीममध्ये ह्याच्यासाठीच आले होते गं," ती म्हणाली. "विलासचं खरंच हाय. पण मी अजून तपासलंच नाय. माझं प्रकाशशी जमतंय. बा म्हणतो, तपासणीचं नाव काढू नको, सोयरीक मोडंल. मलापण भ्या वाटतं. वाटलं, पट्टी आपण बनवलेली असली तर तिचं भ्या नाय वाटणार."

प्रकाश तिच्या शेजारच्या गावचा, आश्रमशाळेत शिक्षक. त्याच्याबद्दल बोलताना आजीचा आवाज एकदम विशीतल्या मुलीचा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. ती वाहक निघाली. म्हणजे ते जनुक तिच्या रक्तात होतं, तिला स्वतःला त्रास नव्हता. पण नवराही वाहक असला तर विलासचं दुखणं मुलांच्या वाट्याला येऊ शकत होतं. तिने बाहेर येऊन लगेच प्रकाशला फोन केला. तो बिचारा काही वाद न घालता आला, रक्त देऊन गेला. तोही वाहकच निघाला.

त्याचा रिपोर्ट घेतल्यावर दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली दोघं बसले होते. मी थोडी लांब उभी होते, तरी ऐकू येत होतं.

"होईल ते बघू की," प्रकाश म्हणाला.

"तू विलासला बरा असतानाच बघितलंय," आजी म्हणाली. "मी रात्रभर त्याचे पाय दाबलेत."

प्रकाश उठला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकटाच बस स्टँडकडे निघून गेला.

सोयरीक मोडली म्हणून तिचे वडील कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी विलासच त्यांना म्हणाला, "बा, तिनं बरोबर केलं. दुखतं ते मला ठावं." पुढच्या शनिवारी ते आजीला घ्यायला एसटीच्या थांब्यावर येऊन उभे राहिले.

स्पर्धेत आम्हाला बक्षीस मिळालं नाही. मी पुढे शिकले आणि आता सातपूरच्या एका औषध कंपनीत नोकरी करते. पट्टी पुढे कुणी नेली नाही. आजीने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि तिच्याच भागातल्या सरकारी दवाखान्यात लागली. रक्त काढायला घाबरणाऱ्या बायका तिचं नाव विचारत येतात म्हणे. मला त्याचं नवल वाटलं नाही.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "प्रकाश आला होता दवाखान्यात. त्याचं लग्न ठरतंय. मुलीला तपासायला घेऊन आला होता."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, मीच काढलं तिचं रक्त. लय घाबरली होती. हात धरून बसले थोडा वेळ."

"आणि काय निघालं?"

"काय नाय निघालं. एकदम चांगलं हाय तिचं." "मला बरं वाटलं," आजी म्हणाली. मग, मी विचारलेलं नसतानाही, "खरंच बरं वाटलं गं."