बाप्पा टबात, डास घरात

मंडळी, खरं सांगा, कोणाच्या घरचा बाप्पा अजून टबात आहे?

लंडनमध्ये इल्फर्डला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, त्या काकूंचा आहे. विसर्जन होऊन कितीतरी दिवस झाले, तरी टब मागच्या गार्डनमध्येच. आज सकाळी वाकून पाहिलं, तर पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

गेल्या वर्षी नागपूरला मला डेंग्यू झाला होता. दुसऱ्यांदा झाला तर जास्त जपावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून घाबरून कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. तिथली बाई म्हणाली, "टब तुमचाच आहे ना? मग ओतून टाका."

काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मूर्ती विरघळल्याशिवाय पाणी हलवायचं नाही हं."

काका निवृत्त डॉक्टर. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "अरे, लंडनचा डास तो. त्याच्याकडे कुठला डेंग्यू? नुसता चावतो बिचारा."

शेवटी मी बाह्या सरसावून टबात हात घातला. सोंडेपासून मोदकापर्यंत सगळं टणक! शाडूची म्हणून घेतलेली मूर्ती प्लॅस्टरची निघाली. ती दिवाळीपर्यंतही विरघळणार नाही.

"मग थांबू की," काकू म्हणाल्या. "घाई कोणाला आहे?"

मला आहे! पण ऐकतं कोण? माझ्या पलंगावरची मच्छरदाणी काढून मी टबावर घट्ट बांधली.

तुम्हीही आपापल्या टबात एकदा हात घालून बघा. आणि काकूंना कसं पटवायचं ते कोणीतरी सांगा. तोपर्यंत बाप्पा मच्छरदाणीत आणि मी बाहेर.