वस्तीचा डबा

"सिस्टर, वस्तीचा डबा आणा."

डॉक्टर एवढंच म्हणाला. आई टेबलावर पडलेली. पोलकं सोडलेलं, तोंड भिंतीकडं. मी तिच्या उशाशी उभी.

टेबलाशेजारी चकचकीत स्टीलचा डबा होता. त्यात उकळलेल्या सुया. सिस्टरनं त्याला हातही लावला नाही. आत जाऊन तिनं पत्र्याचा डबा आणला.

आईच्या डाव्या छातीत गाठ होती. सुपारीएवढी. आई गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला. लाजेपायी तिनं गाठ कितीतरी महिने लपवली. शेवटी मीच तिला सात रस्त्याजवळच्या या डॉक्टरकडं ओढत आणलं. मी तेव्हा मॅट्रिकला होते. हा डॉक्टर म्हणे कापाकापी करत नाही. गाठीत जाड सुई घालतो, आतलं जरासं ओढून काचेवर पसरतो आणि तपासायला पुण्याला पाठवतो. गाठ साधी की जिवावरची, ते त्यावरून कळतं.

ही आमची दुसरी खेप. पहिल्या खेपेला नुसतं रक्त आलं होतं. पुण्याहून उत्तर आलं, काही कळत नाही, पुन्हा करा. तेव्हाच सिस्टर सहज बोलून गेली होती. बड्या घरच्या बायकांना आमच्या वस्तीतल्या बायकांच्या अंगात गेलेली सुई चालत नाही. म्हणून डबे दोन. स्टीलच्या डब्यातल्या सुया बोथट झाल्या की त्या पत्र्याच्या डब्यात पडतात. म्हणजे आमच्या वाट्याला येतात.

हॉटेलात आमच्या कपबशा बाहेरच्या कोनाड्यात असायच्या, ते लहानपणापासून बघत आले होते. कपाला धार नसते, म्हणून चालून जायचं. इथं आईचा जीव त्या सुईच्या टोकावर होता.

डॉक्टरनं सुई खुपसली. ती शिरेना. त्यानं जोर लावला. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. नळीत पुन्हा रक्तच आलं.

"तुमच्या लोकांची कातडीच राठ," तो हसत म्हणाला. सिस्टरही हसली. त्यानं तीच सुई पुन्हा उचलली.

मी त्याचं मनगट धरलं.

तो सुईकडं नाही, माझ्या बोटांकडं बघत राहिला. "हात सोड."

"त्या डब्यातली सुई घ्या."

"त्यातली मिळणार नाही."

"मग ही बी टोचायची न्हाय."

आई घाबरून उठायला लागली. "आगं पोरी, टोचू दे की! सायेब, ल्हान हाय वो ती. तुमी टोचा. मला काय बी दुखत न्हाय."

आणि तिनं हात जोडले. उघड्या, रक्त लागलेल्या छातीवर. ते बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मार खाल्ला असता तर सोसला असता. ते जोडलेले हात सोसले नाहीत.

डॉक्टर बेसिनपाशी गेला. साबण लावून मनगट चोळचोळून धुतलं. मग म्हणाला, "हिला घेऊन जा. पुन्हा माझी पायरी चढू नका."

मी आईच्या पोलक्याची बटणं लावली. रस्त्यानं ती माझा हात झिडकारून पुढं चालत राहिली.

पुढं सरकारी दवाखान्यात आज या, उद्या या करत त्यांनी छातीच कापून काढली. तोवर काखेतही गाठी झाल्या होत्या. सुई लावायची वेळ कधीच निघून गेली होती. आई खंगत गेली. भेटायला येईल त्याला सांगायची, "हिनं त्या डाक्टरचा हात धरला न्हाई का, म्हून मी मरायलेय." तिसऱ्यांदाही बोथट सुईनं रक्तच आलं असतं, हे मी तिला समजावून दमले. तिनं ऐकलं नाही. पाणीसुद्धा माझ्या हातचं नको म्हणायची. शेजारणीच्या हातून प्यायची. तशीच गेली.

तो डॉक्टर अजून तिथंच आहे. त्याचा दवाखाना दुमजली झाला. दोन्ही डबे अजून आहेत.

वस्तीतल्या बायका म्हणतात, हिला बरोबर न्यायचं नाही, ही भांडते, मग डॉक्टर हाकलतात. खरंच हाकलतात. तरी मी जाते, न बोलावता. बाई टेबलावर पडली की सुई कुठली ते आधी विचारते. कुणी धड उत्तर देत नाही. काही बदललेलं नाही, बदलेल असंही दिसत नाही.

आईनं मला माफ केलं नाही. न करू दे. तो हात मी पुन्हा धरीन.