मागच्या खोलीतला कॉल

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी म्हणालं दिवा आपोआप लागतो, तर मी आधी बटण उघडून वायर तपासणारा माणूस. तरीही हे लिहितोय... कारण धाकट्या बहिणीला, आमच्या ताईला, आलेला एक कॉल.

आमचं घर वालूरचं. वर मातीचं सपाट माळवद, भिंतीही जाडजूड मातीच्या. आत मोबाइलला रेंज नाही, म्हणून वायफाय घ्यायचं ठरलं. परभणीचा दुकानदार म्हणाला, "मातीच्या भिंती हायत तर जोडीवाला राउटर घ्या भाऊ. एक ओसरीत, एक आत." जोडी तेव्हा त्याच्याकडे नव्हती. तोवर चार अँटेनांचा एकटाच आणून ओसरीत लावला. रुबाब चौघांचा, काम अर्ध्याचं! मागच्या खोलीत नुसतं चक्र फिरायचं.

आणि मागच्याच खोलीत आप्पा, माझे वडील. अर्धांगवायू झालेला, हलवणं अवघड. त्यांच्या आजारपणामुळे ताईचं पहिलं बाळंतपणही माहेरी झालं नाही, बंगळूरला झालं. नातवाचे फोटो त्यांनी पाहिले होते, पण हट्ट वेगळाच — "मी हाक मारतो, माझ्याकडं बघतंय का बघू दे."

जोडी आल्याचा निरोप मिळाला तसा मी परभणीला गेलो. खोकं पिशवीत घालून दुकानाबाहेर पडतोय, तोच ताईचा मेसेज — "दादा, लागलं एकदाचं नेटवर्क! आप्पा पलंगावरूनच बोलले. चेहरा किती स्वच्छ दिसला!"

मला हसू आलं. खोकं तर माझ्याच पिशवीत होतं. म्हटलं, असेल कुठूनतरी आला सिग्नल...

घरी पोचलो तर दारात माणसं. आप्पा गेले होते.

नंतर मायला विचारलं, कॉल कुणी लावून दिला? ती म्हणाली, "कसला कॉल? सकाळपासून ढगं गरजायलते, म्हून मीच वायर उपटून ठिवली व्हती." आमच्याकडे ढग गरजला की आधी प्लग निघतो. आप्पांच्या फोनमध्ये कॉलची नोंद नाही. ताईच्या फोनमध्ये आहे. राउटर चालू करून मी त्या पलंगावर तासन् तास बसून पाहिलं, एकदाही कॉल लागला नाही. मला हे आजही कळलेलं नाही.

ताईला मात्र ते कसं झालं याच्याशी देणंघेणंच नाही. फोन केला की रडते आणि तेच सांगते, "दादा, बाळ झोपलं होतं रे. आप्पा म्हणले, 'उठव की गं, एकच हाक मारतो.' मी म्हणलं, झोपू द्या आप्पा... आता काय, रोजच बोलूत."